रॉयल चार्टर : वादळानंतरचा राग आणि बंदरावरचा बावटा

१८५९ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावर जहाज फुटणं ही काही मोठी बातमी नव्हती. दर हिवाळ्यात फुटायची. मग 'रॉयल चार्टर'वरच लोक एवढे का पेटले?

एक तर हे जहाज घराच्या दारात बुडालं. २६ ऑगस्टला मेलबर्नहून निघालेलं, निम्मं जग ओलांडून आलेलं, आणि लिव्हरपूल आता एका दिवसावर. लोखंडी बांधणीचं, शिडांना वाफेच्या इंजिनाची जोड असलेलं, वेगासाठी नावाजलेलं जहाज. आत होती ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर कमाई करून परतणारी माणसं, त्यांच्या बायका, मुलं. आणि तिजोरीत तीन लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं.

२५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वाऱ्यानं जहाजाला गाठलं. हरिकेनच्याच जोराचा वारा होता तो. कप्तान टॉमस टेलरनं रात्री नांगर टाकले. मध्यरात्रीनंतर एक साखळी तुटली, तासाभरात दुसरी. वाऱ्याची पकड कमी व्हावी म्हणून डोलकाठ्या तोडल्या, इंजिन चालूच ठेवलं, पण जहाज किनाऱ्याकडे रेटलं गेलं. आधी वाळूत रुतलं, मग भरती चढली तसं मोएल्फ्रे गावाजवळच्या खडकांवर आपटून दुभंगलं. किनारा कुठे होता? दगड मारला तर पोचेल इतका जवळ. एक माल्टी खलाशी कमरेला दोर बांधून पोहत गेला, त्या दोरावरून काही जण उतरले. साधारण साडेचारशे माणसं गेली, वाचले चाळीसच्या आसपास. एकही स्त्री नाही, एकही मूल नाही. आणि प्रवाशांची यादीही जहाजाबरोबरच गेली, म्हणजे नेमकं कोण गेलं हे कळायलाही मार्ग नाही.

आता लोकांचं बघा. पहिला प्रश्न, दोष कुणाचा? कप्तान दारू प्यायला होता अशी कुजबुज सुरू झाली. तो बिचारा बुडालेला, उत्तर कोण देणार? मृत्यूंची चौकशी करणाऱ्या ज्यूरीनं तो शुद्धीवर होता, त्यानं शक्य ते सगळं केलं, असा निर्वाळा दिला. मग बोट गेलं मोएल्फ्रेच्या गावकऱ्यांकडे : सोनं यांनी पळवलं! थोडंफार हाती लागलंही असेल. पण गावच्या गाव श्रीमंत झालं ही कथा फुगवलेली आहे. वर्तमानपत्रांना ती आवडली, एवढंच. खरं तर त्याच गावचे लोक लाटांत हाताची साखळी धरून उभे होते. जवळच्या लानाल्गोच्या चर्चमधल्या धर्मगुरूनं, स्टीफन रूस ह्यूज यांनी, प्रेतं ओळखायचं आणि पुरायचं काम अंगावर घेतलं. नातलगांना हजाराच्या वर पत्रं लिहिली. वर्षअखेर स्वतः चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि त्यानं ह्यूज यांच्यावर लिहिलं. १८६२ मध्ये ह्यूज वारले.

या सगळ्या आरडाओरड्यात एक माणूस वेगळा प्रश्न विचारत होता. रॉबर्ट फिट्झरॉय. हो, डार्विनला जगभर फिरवणाऱ्या 'बीगल'चा कप्तान तोच! तेव्हा तो व्यापार मंडळाच्या हवामान विभागाचा प्रमुख होता. जहाजांच्या आणि किनाऱ्यावरच्या नोंदी जमवून त्यानं त्या वादळाचे नकाशे काढले. त्यातून काय दिसलं? वादळ चालत आलं होतं. २५ तारखेला दुपारी ते दक्षिणेला, डेव्हन-कॉर्नवॉलकडे होतं. अँगलसीला रात्री आठच्या सुमारास पोचलं. मर्सी नदीच्या मुखाशी त्याचा जोर दुसऱ्या दिवशी दुपारी शिगेला गेला. आणि तारयंत्र तर वादळापेक्षा कितीतरी वेगानं धावतं! म्हणजे दक्षिणेहून एक तार सुटली असती तर उत्तरेच्या बंदरांना काही तास मिळाले असते. त्या एका वादळात मिळून १३३ जहाजं बुडाली होती, आठशेच्या आसपास माणसं मेली होती. लोकांचा राग ताजा होता, म्हणून सरकारनं त्याचं ऐकलं.

फेब्रुवारी १८६१ पासून तारेनं इशारे जाऊ लागले. बंदरावर खांब, खांबावर कॅनव्हासचे काळे शंकू आणि पिंपं. अक्षर न येणाऱ्या कोळ्यालाही कळावं असं. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून 'टाइम्स'मध्ये रोजचा हवामान अंदाजही छापून यायला लागला.

आणि मग तेच लोक, तीच वर्तमानपत्रं हसायला लागली. अंदाज चुकायचे, चुकणारच. हाताशी मोजकी ठाणी आणि काही तारा. चुकांची जबाबदारी आमची नाही, असं 'टाइम्स'नं छापून टाकलं. मासेमारी ताफ्यांचे मालक वैतागले, कारण शंकू चढला की बोट निघत नाही आणि बोट निघाली नाही की पैसा बुडतो. विज्ञानातले प्रतिष्ठित म्हणू लागले, याला सिद्धान्ताचा पाया नाही. माझ्या मते यातला शेवटचा आक्षेप तेवढा प्रामाणिक होता. आधीच थकलेल्या, कर्जात बुडालेल्या फिट्झरॉयनं ३० एप्रिल १८६५ रोजी आत्महत्या केली. पुढे चौकशी समिती बसली, आणि १८६६ मध्ये अंदाजही बंद, इशारेही बंद.

इशारे परत मागितले कुणी? बंदरांतल्या लोकांनी, दर्यावर्दींनी. त्यांना सिद्धान्ताशी कर्तव्य नव्हतं. दहापैकी सहा वेळा खरा ठरणारा शंकूही त्यांना हवा होता. १८६७ मध्ये शंकू पुन्हा चढले. वर्तमानपत्रातल्या अंदाजाला मात्र १८७९ उजाडावं लागलं.

आपल्याकडेही क्रम असाच. ऑक्टोबर १८६४ मध्ये चक्रीवादळानं कलकत्ता झोडपलं. मृतांचा आकडा साठ हजार सांगतात. त्यानंतर, १८६५ मध्ये, त्या बंदरात इशाऱ्याची व्यवस्था आली आणि १८७५ मध्ये देशाचं हवामान खातं. कोकणात आज आपण ऐकतो ना, 'बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला', त्या खांबावर दिवसा चढवायच्या खुणांतही शंकू असतो. कुणाला पाहायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी जवळच्या बंदरावर जा.