श्रोत्यांची पोच

ध्वनिमाध्यमात बोलणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही. नाटकात टाळी पडते, कीर्तनात माना डोलतात, सभा रटाळ झाली की लोक उठून जातात. माइकसमोर बसलेल्याला यातले काहीच कळत नाही. म्हणून श्रोत्याकडे उघडपणे प्रतिसाद मागण्याची रीत या माध्यमाइतकीच जुनी आहे. पॉडकास्टच्या शेवटी ‘आवडलं असेल तर रेटिंग द्या, दोन ओळींचा रिव्ह्यू लिहा’ अशी जी विनंती आज ऐकू येते, ते या रीतीचे अलीकडचे रूप. भारतात ती रुजली आणि वाढली ती मुख्यतः मुंबईत, आणि तिच्या इतिहासातली काही ठिकाणे उपनगरांत आहेत: देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, मालाडची प्रक्षेपण यंत्रणा आणि बोरिवलीच्या गोराई रस्त्यावरचे विविध भारतीचे कार्यालय.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. रेडिओ बाळगायला तेव्हा वर्षाला १० रुपयांचा परवाना लागे. श्रोते किती, याचा अंदाज कंपनीला या परवान्यांवरूनच येई. १९२७च्या अखेरीस देशभरात ३,५९४ परवाने होते. १९३०च्या अखेरीस ते ७,७१९ झाले. तोवर कंपनी बुडाली होती. परवाना न काढता ऐकणारे बरेच होते. शिवाय परवान्यावरून संच मोजता येत असले, तरी संचाच्या मालकाला काय रुचले आणि कशाचा कंटाळा आला, ते त्यावरून समजण्याची सोय नव्हती. कंपनी ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ हे नियतकालिकही काढत असे, पण त्याचे मुख्य काम कार्यक्रमांचे वेळापत्रक लोकांपर्यंत पोचवण्याचे.

प्रतिसाद मागायचा, तो मोजायचा आणि त्यावरच कार्यक्रम उभा करायचा, हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडले ते १९५२ साली, आणि तेही सरकारी आकाशवाणीच्या बाहेर. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रसारण कोलंबोहून होई, पण कार्यक्रम तयार होई मुंबईत, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारातल्या स्टुडिओत. निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. सुरुवातीला कार्यक्रमाचे स्वरूप स्पर्धेचे होते. सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजवली जात, श्रोत्यांनी लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठवायचा आणि बरोबर ठरणाऱ्यांना १०० रुपयांच्या बक्षिसात वाटा मिळायचा. सयानी पुढे अनेक मुलाखतींत सांगत, की पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५,०००वर गेला. लेखन, निवेदन आणि पत्रांची तपासणी मिळून त्यांना आठवड्याला २५ रुपये मिळत.

एवढी पत्रे तपासणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. १९५४मध्ये स्पर्धा बंद झाली आणि गाणी क्रमवारीने, शेवटून पहिल्यापर्यंत वाजू लागली. आता प्रश्न आला, की क्रम ठरवायचा कशावरून? प्रथम तबकड्यांची विक्री धरली गेली. परंतु दुकानातल्या तबकड्या संपल्या की मागणी असूनही विक्रीचा आकडा खाली येई. एकेकट्या पत्रांवर विसंबावे तर ज्याला आपले गाणे वर चढवायचे असेल त्याला गठ्ठ्याने पत्रे टाकणे सहज शक्य होते. यावर तोडगा म्हणून गावोगावच्या रेडिओ श्रोता संघांची मते विचारात घेतली जाऊ लागली. संघ म्हणजे एकत्र बसून ऐकणारी, चर्चा करून आपली यादी पाठवणारी मंडळी. प्रतिसाद फुगवला जाऊ शकतो आणि त्यावर काही बंदोबस्त हवा, ही आजच्या प्रत्येक रेटिंग-व्यवस्थेला सतावणारी अडचण गीतमालेने सत्तर वर्षांपूर्वी ओळखली होती. तिचे हे काम तिच्या गाण्यांइतकेच मोलाचे आहे.

याच दशकात प्रतिसादाचा अगदी वेगळा प्रयोग महाराष्ट्रातल्या खेड्यांत झाला, आणि त्याचा अभ्यास मुंबईच्या उपनगरात झाला. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळे चालवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. सूत्र होते ऐका, चर्चा करा, कृती करा. गावातली पंधरा-वीस माणसे संध्याकाळी संचाभोवती जमत. कार्यक्रम संपला की संच बंद करून बोलणे सुरू होई. खत, बियाणे, जनावरांचे रोग, गावच्या विहिरी असे विषय निघत आणि अर्ध्या तासाच्या कार्यक्रमावरची चर्चा पुष्कळदा त्याहून लांबे. प्रत्येक मंडळाचा एक निमंत्रक असे. बैठकीत काय ठरले, कोणत्या शंका निघाल्या, काय पटले नाही, हे तो लिहून पुण्याला पाठवी. त्यातल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. ही संस्था १९५४मध्ये देवनारच्या आवारात आली होती. अभ्यासाची धुरा पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने वाहिली. मूळचे ऑस्ट्रियाचे नॉयराथ दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत स्थायिक झाले होते. त्यांनी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली: श्रोता मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत पडलेली भर इतर गावांपेक्षा कितीतरी अधिक निघाली. नुसता संच बसवून फारसे काही होत नाही, ऐकलेल्यावर बोलायला आणि ते बोलणे केंद्राकडे पाठवायला वाट मिळाली तर फरक पडतो, असा या निष्कर्षाचा अर्थ. १९५९पासून ही योजना देशभर नेण्यात आली. श्रोत्यांच्या प्रतिसादावर भारतात झालेल्या कामात हे काम आजही सर्वांत पक्क्या पायावर उभे आहे. माध्यमांच्या चर्चेत त्याचे नाव क्वचितच निघते, हे खेदाचे.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीची विविध भारती ही सेवा सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. रेडिओ सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणणे हा तिचा हेतू होता, आणि तो साधायचा तर श्रोत्याची फर्माईश ऐकणे भाग होते. ‘मनचाहे गीत’, ‘आपकी फर्माइश’ आणि जवानांसाठी ‘जयमाला’ हे कार्यक्रम पत्रांवरच चालत. फर्माईशीच्या पोस्टकार्डाचा साचा ठरून गेला होता. वर गाण्याचे बोल, चित्रपटाचे नाव, गायक. खाली पाठवणाऱ्याचे नाव आणि मग त्याच्या घरच्यांची, शेजाऱ्यांची, मित्रांची नावे एकाखाली एक, कार्डाच्या कडेपर्यंत. शेवटी गावाचे नाव. निवेदक ही नावे वाचून दाखवी आणि मग गाणे लागे. तीन मिनिटांच्या गाण्याआधी नावांची यादीच मिनिटभर चाले. बिहारमधले, आता झारखंडमध्ये असलेले झुमरीतिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशाला ठाऊक झाले ते तिथून येणाऱ्या फर्माईशींमुळे. मुंबई केंद्राच्या मराठी ‘आपली आवड’मध्येही हीच तऱ्हा होती, आणि रेडिओवरून आपले नाव उच्चारले जाणे ही घराघरांत सांगण्याजोगी गोष्ट होती.

विविध भारतीचे कार्यालय नंतर बोरिवली पश्चिमेला गोराई रस्त्यावर गेले. तिच्या मध्यम लहरींवरच्या मुंबई प्रसारणाचे प्रक्षेपक मालाडला होते. कार्यालय बोरिवलीत असल्यामुळे देशभरचा श्रोता पत्रावर ‘बोरिवली, मुंबई ४०० ०९१’ असा पत्ता घालू लागला. मुंबई कधी न पाहिलेल्या कित्येकांना हे उपनगर या पत्त्यामुळे माहीत झाले. इथे येणारी पत्रे दोन तऱ्हांची. काहींत फर्माईश, काहींत अभिप्राय. दुसऱ्या तऱ्हेसाठी ‘पत्रावली’ हा स्वतंत्र कार्यक्रम होता. त्यात श्रोत्यांची पत्रे वाचली जात आणि त्यांना उत्तरे दिली जात. कार्यक्रमाची वेळ का बदलली, एखादे सदर बंद का झाले, निवेदनात चूक कशी झाली, असे प्रश्न श्रोते विचारत. तक्रार प्रसारित होते आणि तिला त्याच माध्यमातून उत्तर मिळते, ही सोय त्या काळी फार थोड्या सरकारी सेवांत होती.

१ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या पहिल्यांदा लागल्या मुंबई, पुणे आणि नागपूर या महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर. पत्रांच्या ढिगाला आता बाजारभावही आला. श्रोते किती आहेत हे जाहिरातदाराला दाखवावे लागे. रेडिओने लावलेली ही सवय पुढे दूरदर्शनने उचलली. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ला प्रश्नमंजूषेच्या उत्तरांची इतकी कार्डे येत, की १९९३मध्ये एका आठवड्यातल्या १४ लाख पत्रांची नोंद लिम्का बुकात झाली. १५ पैशांचे पोस्टकार्ड टपाल खाते तोट्यात विकत असे. हा तोटा अंगावर येऊ लागला तेव्हा खात्याने स्पर्धांसाठी २ रुपयांचे वेगळे ‘स्पर्धा पोस्टकार्ड’ काढले. श्रोत्या-प्रेक्षकांच्या प्रतिसादापायी टपालाचा एक नवा प्रकार निघाला, याहून मोठा पुरावा त्या काळच्या उत्साहाला नको.

त्यानंतरचा टप्पा घाईचा. ‘हॅलो फर्माइश’सारख्या कार्यक्रमांनी टपालाऐवजी टेलिफोन आणला. २००२मध्ये मुंबईत खासगी एफएम वाहिन्या आल्या आणि एसएमएसची मते मागू लागल्या. २००७पासून मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरूत रेडिओ श्रोत्यांचे मापन होऊ लागले. निवडक घरांतली माणसे कोणत्या वेळी कोणती वाहिनी ऐकली ते रोजनिशीत भरत. जाहिरातदाराला हवा तो आकडा आता पत्रांवाचून मिळू लागला, आणि वाहिन्यांची श्रोत्याच्या पत्राची गरज संपत गेली.

पॉडकास्टने ती गरज पुन्हा निर्माण केली. जून २००५मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सूची घातली. तिथे श्रोत्याला एक ते पाच तारे देता येतात आणि मजकूरही लिहिता येतो. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आले. ताऱ्यांची सोय त्यांनी डिसेंबर २०२१च्या अखेरीस दिली. निदान ३० सेकंद ऐकल्याशिवाय तारे देता येणार नाहीत आणि पुरेशी रेटिंग जमल्याशिवाय सरासरी दिसणार नाही, अशा अटी त्यांनी घातल्या. गठ्ठ्याने येणाऱ्या पत्रांवर गीतमालेने श्रोता संघांचा उपाय काढला होता; त्याच कुळातल्या या अटी.

रेटिंग मागताना बहुतेक निवेदक सांगतात, की त्यामुळे कार्यक्रम वर येतो आणि नव्या लोकांपर्यंत पोचतो. ॲपलचा खुलासा मात्र असा, की त्यांची क्रमवारी ऐकण्याचे प्रमाण, फॉलो करणारे आणि भाग शेवटपर्यंत ऐकणारे यांवर ठरते. तारे आणि रिव्ह्यू त्यात धरले जात नाहीत. म्हणजे रेटिंगचा उपयोग दुसरीकडे आहे. कार्यक्रमाच्या पानावर पहिल्यांदा येणारा अनोळखी माणूस ते पाहून ऐकायचे की नाही हे ठरवतो, आणि प्रायोजकाशी बोलताना निर्मात्याच्या हाती दाखवायला काही असते. मराठी कार्यक्रमांपुढे आणखी एक अडचण आहे. ॲपलवरचे रिव्ह्यू देशवार वेगळे ठेवले जातात. न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्याने भरभरून लिहिलेला अभिप्राय अमेरिकेच्या पानावर राहतो. मुलुंडच्या श्रोत्याला तो दिसत नाही. आधीच थोड्या असलेल्या अभिप्रायांचे असे तुकडे पडतात. ‘मित्रम्हणे’ किंवा ‘अमुक तमुक’ यांसारखे मराठी पॉडकास्ट यूट्यूबवरही आहेत, आणि तिथे लाइक, सबस्क्राइब आणि खालच्या प्रतिक्रिया हाच प्रतिसाद.

मागणी सतत होऊनही रेटिंग देणारे थोडे, याचे कारण ऐकण्याच्या जागेत आहे. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला जाणारा श्रोता एका हाताने कडी धरून उभा असतो, फोन खिशात, कानात इयरफोन. निवेदक रेटिंग मागतो तेव्हा भाग संपत आलेला असतो आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणार असतो. फोन काढून, ॲप उघडून, कार्यक्रमाचे पान शोधून तारे द्यायला त्या गर्दीत सवड नसते आणि उतरल्यावर आठवण राहत नाही. पोस्टकार्ड टाकणाऱ्याला कष्ट अधिक होते, पण त्याचे नाव वाचले जाण्याची आशा होती. ताऱ्यांना नाव नसते. दिलेला तारा सरासरीत मिसळून जातो.

या उणिवेची जाणीव निर्मात्यांना आणि कंपन्यांनाही आहे. काही पॉडकास्टर श्रोत्यांचे प्रश्न मागवून त्यांच्यावर वेगळा भाग करतात आणि विचारणाऱ्याचे नाव आणि गाव घेऊन उत्तर देतात. स्पॉटिफायने भागांखाली प्रश्नोत्तरे आणि मतचाचणीची सोय दिली होती. जुलै २०२४मध्ये त्यांनी श्रोत्यांच्या प्रतिक्रियांची सोयही सुरू केली. निर्मात्याने मान्य केलेली प्रतिक्रिया सर्वांना दिसते आणि तिला तिथेच उत्तर देता येते.