‘हॉलो नाइट’मध्ये हरवलेले बॉस स्वप्नात पुन्हा का लढतात? त्यामागची गोष्ट काय?

(स्पॉइलर अलर्ट : या लेखात ‘हॉलो नाइट’ची कथा शेवटासकट सांगितली आहे. गेम अजून पूर्ण केला नसेल, तर आधी खेळून या.)

‘हॉलो नाइट’ खेळताना एक क्षण बहुतेकांच्या वाट्याला येतो. अर्धा तास धडपडून एखादा बॉस हरवलेला असतो. बऱ्याच वेळाने तुम्ही परत त्याच जागी येता. तो तिथेच पडलेला असतो. तुमच्याकडे आता ‘ड्रीम नेल’ असते, सहज म्हणून तुम्ही ती त्याच्यावर मारता, स्क्रीन पांढरी होते आणि तोच बॉस पुन्हा समोर उभा राहतो. यावेळी तो जास्त वेगवान असतो आणि त्याचे फटकेही जास्त लागतात.

गेम पूर्ण करायला यातली कोणतीही लढाई जिंकणं सक्तीचं नाही. मग ‘टीम चेरी’ने या लढाया ठेवल्या कशासाठी? फक्त ‘हार्ड मोड’ हवा होता म्हणून? तसं वाटू शकतं, पण या लढायांची नावं आणि त्या कुणाच्या स्वप्नात घडतात हे नीट पाहिलं, तर गेमच्या कथेतला सगळ्यात मोठा प्रश्न यातल्याच एका लढाईत दडलेला सापडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

‘हॉलो नाइट’ हा ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमधल्या ‘टीम चेरी’ या छोट्या स्टुडिओचा गेम. २०१४ मध्ये किकस्टार्टरवर सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमले आणि २४ फेब्रुवारी २०१७ ला गेम पीसीवर आला. याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला. त्यानंतर पहिला भाग खेळायला घेतलेल्यांना या स्वप्नांचं कोडं नव्याने पडतंय.

गोष्ट घडते ‘हॅलोनेस्ट’ नावाच्या कीटकांच्या राज्यात. राज्य पडलेलं आहे. जे उरलेत, त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांत केशरी प्रकाश आहे आणि त्यांना स्वतःचं भान नाही. गेममध्ये याला ‘इन्फेक्शन’ म्हणतात. हा रोग मात्र पाण्यातून किंवा हवेतून पसरत नाही. तो स्वप्नातून येतो.

त्याचं मूळ आहे ‘रेडियन्स’. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगांची एक जमात या राज्यात होती आणि रेडियन्स ही त्यांची प्रकाशदेवता. पुढे ‘पेल किंग’ आला, पतंगांनी त्याला राजा मानलं आणि देवीला विसरले. विसरलेली देवी कुठे राहणार? स्वप्नांत. तिथूनच ती लोकांच्या डोक्यात शिरायला लागली.

ड्रीम नेल हे शस्त्रही याच पतंगांचं. म्हणजे ज्या जमातीने आपल्या देवीला विसरून हा सगळा घोळ घातला, त्यांचंच हत्यार हातात घेऊन आपण इतरांच्या मनात शिरतो. जमातीतली शेवटची उरलेली ‘सीअर’ आपल्याला ‘एसेन्स’ गोळा करायला लावते आणि २४०० एसेन्स जमल्यावर ही चूक कबूल करून विरून जाते. तिचं शेवटचं बोलणं घाईत स्किप करणाऱ्यांनी अर्धी कथा गमावली असं समजायला हरकत नाही.

थोडक्यात, या गेममध्ये स्वप्न ही एक खरी जागा आहे. शरीर मेलं तरी मनातलं काहीतरी तिथे शिल्लक राहतं. मेलेल्या बॉसशी पुन्हा लढता येतं ते यामुळे.

फेल्ड चॅम्पियन : चिलखतातली अळी

गेमच्या सुरुवातीला भेटणारा ‘फॉल्स नाइट’ सगळ्यांना आठवत असेल. अवाढव्य चिलखत आणि हातात गदा. लढताना तो मध्येच कोसळतो, शिरस्त्राण उघडतं आणि आतून एक मऊ, घाबरलेली अळी बाहेर डोकावते. मारायचं असतं ते तिलाच.

ही अळी राज्यातल्या सगळ्यात खालच्या थरातली. आपल्या भावंडांना वाचवता यावं म्हणून तिने हे चिलखत चोरलं. ते चिलखत राजाच्या पाच महान सरदारांपैकी ‘हेगेमोल’चं असावं, असा चाहत्यांचा लाडका तर्क आहे.

ड्रीम नेल घेऊन परत आलात की स्वप्नातल्या बॉसचं नाव बदललेलं दिसतं. जगाने त्याला ‘खोटा सरदार’ म्हटलं होतं. स्वप्नात मात्र तो ‘अपयशी रक्षक’ असतो. चिलखत चोरीचं होतं, याची त्या अळीला फारशी खंत नाही. तिला सलतंय ते हे की चिलखत मिळूनही भावंडांना वाचवता आलं नाही. स्वप्नातली तिची आदळआपट या सलातून येते. म्हणून ही लढाई जिंकल्यावर आनंदापेक्षा ओशाळलेपणच जास्त वाटतं.

‘सोल मास्टर’चं स्वप्न याच्या अगदी उलट. ‘सिटी ऑफ टिअर्स’मधल्या ‘सोल सँक्टम’चा हा प्रमुख. संशोधनाच्या नावाखाली त्याने शहरवासीयांची आत्मशक्ती काढून घेतली. इमारतीच्या खालच्या भागात त्यांच्या शवांचे ढीग दिसतात. स्वप्नात तो ‘सोल टायरंट’ होतो आणि मरूनही त्याला पश्चात्ताप झालेला नाही. यापलीकडे या स्वप्नात फार काही नाही. खरं तर पाचांपैकी कथेच्या दृष्टीने सगळ्यात पातळ लढाई हीच, कठीण कितीही असली तरी.

व्हाइट डिफेंडर : जिवंत माणसाचं स्वप्न

३ ऑगस्ट २०१७ ला ‘हिडन ड्रीम्स’ हा मोफत अपडेट आला आणि त्यात दोन नवे स्वप्न-बॉस होते. दोघांचीही गंमत अशी की स्वप्न पाहणारे जिवंत आहेत.

पहिला ‘डंग डिफेंडर’, खरं नाव ओग्रिम. जातीने शेणकिडा. पाच महान सरदारांपैकी हा एक आणि आपल्या कामावर अजून उभा असलेला बहुधा एकटाच. ड्राया ‘क्वीन्स गार्डन्स’मध्ये मरून पडली आहे. झेमर आपल्या प्रेयसीच्या दुःखात बुडून ‘ग्रे मोर्नर’ झाली आहे. हेगेमोलचा पत्ता नाही. इस्मा तर ओग्रिमच्या अड्ड्याच्या पलीकडेच आहे, वेलींमध्ये गुंतलेली आणि निष्प्राण. म्हणजे हा गडी शहराच्या सांडपाण्यात शेणाचे गोळे फेकत ज्या वाटेवर पहारा देतोय, त्या वाटेच्या टोकाला त्याची मेलेली मैत्रीण आहे. आणि ज्या राजाची सेवा तो करतोय, तो राजवाड्यासकट केव्हाच नाहीसा झालाय.

त्याच्याशी पहिली लढाई झाली की तो मरत नाही. तो खिलाडूपणे हार मानतो. नंतर त्याच्या खोलीच्या खाली, गुहेत तो गाढ झोपलेला सापडतो. त्याच्या स्वप्नात शिरलात की समोर येतो ‘व्हाइट डिफेंडर’, शुभ्र रंगातला आणि ऐन उमेदीतला.

हे स्वप्न पाचही स्वप्नांत वेगळं आहे. त्यात अपराधाची भावना नाही, वखवख नाही. एका म्हाताऱ्या शिपायाला राजाच्या पदरी असतानाचे दिवस आठवतायत आणि त्या आठवणीत त्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवाय. तुम्ही घुसखोर म्हणून आलात तरी तो तुम्हाला पाहुण्यासारखं वागवतो. ही लढाई पुन्हा पुन्हा करता येते आणि दर वेळी ती थोडी अवघड होते. पाचव्यांदा जिंकल्यावर ओग्रिम गुहा सोडून निघून जातो. कुठे जातो, हे गेम सांगत नाही.

एरवी दुसऱ्याच्या मनात न विचारता शिरणं हे काही चांगलं काम नाही. या लढाया ऐच्छिक ठेवण्यात हाही अर्थ आहे, कारण शिरायचं की नाही हे गेम खेळाडूवर सोडतो. पण ओग्रिमच्या बाबतीत, त्याला कुणीतरी भेटायला गेलं हे बरंच झालं असं वाटत राहतं.

ग्रे प्रिन्स झोट : हे स्वप्न झोटचं नाहीच

दुसरा नवा बॉस म्हणजे मीम्सचा राजा झोट. स्वतःला ‘पराक्रमी’ म्हणवणारा, लांबलचक उपदेश झाडणारा आणि प्रत्यक्षात कुणालाही काडीचं नुकसान न करू शकणारा. ‘कोलोसियम ऑफ फूल्स’मध्ये तो बॉस म्हणून समोर येतो, तेव्हा त्याच्या फटक्याने तुमचा एकही मास्क कमी होत नाही.

स्वप्नात मात्र ‘ग्रे प्रिन्स झोट’चा एक फटका बसला की दोन मास्क जातात. अनेकजण याला गेममधल्या सर्वात कठीण लढायांमध्ये धरतात. हे कसं?

कारण हे स्वप्न ब्रेटा नावाच्या मुलीचं आहे. तिला तुम्हीच संकटातून सोडवून ‘डर्टमाउथ’ गावात पाठवलेलं असतं. सुरुवातीला तिच्या डायरीत तिचा नायक तुम्हीच असता. पण तुमचं पात्र बोलत नाही. झोट बोलतो, तासन् तास बोलतो. तो गावात येऊन शौर्याच्या बाता मारू लागतो आणि ब्रेटाचा नायक बदलतो. म्हणून झोपलेल्या ब्रेटाच्या मनात झोट धिप्पाड, देखणा आणि अजिंक्य आहे. तो हरला तरी तिची भक्ती कमी होत नाही, उलट पुढच्या वेळी तो आणखी ताकदवान होऊन येतो आणि त्याच्या नावापुढची बिरुदंही वाढतात.

इथे निवडीचा अजून एक पदर आहे. ‘ग्रीनपाथ’मध्ये व्हेंजफ्लाय किंगच्या तोंडातून झोटला तुम्ही वाचवलं नाही, तर तो मरतो आणि हे स्वप्न कधीच जन्माला येत नाही. म्हणजे या डोकेदुखीला जबाबदार तुमचाच चांगुलपणा.

लॉस्ट किन : ज्याला स्वप्न पडायलाच नको होतं

आता मुख्य मुद्दा. रेडियन्सला रोखण्यासाठी पेल किंगने एक योजना आखली होती. तिला एखाद्याच्या आत कोंडायचं. पण ती मनातून पसरते, म्हणून कोंडायला असं पात्र हवं ज्याला मन नाही, इच्छा नाही, आवाज नाही आणि स्वप्नंही नाहीत. राजाने आणि ‘व्हाइट लेडी’ने आपल्याच अगणित अपत्यांना ‘अ‍ॅबिस’च्या अंधारात जन्म दिला. ही अपत्यं म्हणजे ‘व्हेसल’. त्यातून एक निवडलं गेलं, तोच ‘हॉलो नाइट’, पोकळ सरदार. बाकीच्यांना खाली सोडून दार बंद केलं. खाली उतरल्यावर दिसणारा मुखवट्यांचा खच त्यांचाच. आपलं पात्रही त्यांच्यापैकीच एक.

‘एन्शंट बेसिन’मध्ये असंच एक भावंड मरून पडलेलं सापडतं. मुखवटा फुटलेला. जवळ गेलात की केशरी प्रकाश त्यात शिरतो आणि ते शरीर कळसूत्री बाहुलीसारखं उठून लढू लागतं. हा ‘ब्रोकन व्हेसल’. लढाई संपते, शरीर निपचित पडतं. इथपर्यंत राजाच्या हिशेबाला धक्का लागत नाही. रिकामं भांडं होतं, रोगाने भरलं.

मग ड्रीम नेल मारली की स्वप्न उघडतं. आणि हिशेब इथेच बिघडतो. पात्र खरोखर पोकळ असतं, तर उघडायला आत काही नसायला हवं होतं. त्या लढाईला नाव आहे ‘लॉस्ट किन’, हरवलेलं भावंड. या लढाईत कुणी एक शब्दही बोलत नाही. इथे मिळणारं ४०० एसेन्स इतर चार स्वप्न-बॉसच्या ३००पेक्षा जास्त आहे, हा योगायोग असेलही किंवा नसेलही.

स्वप्नातली ती धडपड त्या भावंडाची की त्याच्यात शिरलेल्या रेडियन्सची, यावर चाहत्यांमध्ये वाद आहे. पण गेममध्ये दुसराही पुरावा सापडतो. ‘पाथ ऑफ पेन’ ही अशीच एक ऐच्छिक आणि छळणारी जागा, तीही स्वप्नातच. तिच्या शेवटी काही सेकंदांचं दृश्य दिसतं : राजा आणि लहानगा हॉलो नाइट शेजारी उभे आहेत आणि एकमेकांकडे वळून पाहतात, बस्स. बाप-लेकाचं ते पाहणं, म्हणजे निवडलेलं पात्रही पोकळ नव्हतं. त्यामुळेच रेडियन्सला फट मिळाली आणि राज्य पुन्हा आजारी पडलं.

मग या लढाया खरोखर ऐच्छिक आहेत का?

एकेकटी लढाई, हो. एसेन्स योद्ध्यांच्या समाध्यांवरून आणि ‘व्हिस्परिंग रूट्स’वरूनही मिळतं. डिझाइनमध्येही सवलत आहे : स्वप्नात मेलात तर तुमची सावली मागे राहत नाही आणि ‘जिओ’ही जात नाही, तुम्ही फक्त जागे होता. नव्या खेळाडूंनी घाबरू नये ते यासाठी.

पण शेवटाकडे पाहिलं तर चित्र थोडं बदलतं. तीन ‘ड्रीमर’ संपवून सरळ ‘ब्लॅक एग टेंपल’मध्ये गेलात आणि हॉलो नाइटला हरवलंत, तर गेम संपतो, श्रेयनामावली येते. तुमच्या पात्राने मात्र फक्त आधीच्या भावाची जागा घेतलेली असते. रेडियन्स आता त्याच्या आत कोंडलेली आहे आणि तो साखळदंडात.

दुसऱ्या शेवटासाठी १८०० एसेन्स जमवून ड्रीम नेल जागृत करावी लागते, तिच्या जोरावर स्वप्नातल्या ‘व्हाइट पॅलेस’मध्ये शिरावं लागतं आणि मग ‘व्हॉइड हार्ट’ मिळवावं लागतं. त्यानंतर शेवटच्या लढाईत हॉर्नेट हॉलो नाइटला धरून ठेवते. त्या काही सेकंदांत त्याच्यावर ड्रीम नेल मारायची. स्क्रीन पुन्हा पांढरी होते, तुम्ही त्याच्या स्वप्नात असता आणि समोर रेडियन्स.