तळटीप १७ : अमीबा

१७. अमीबा : अॅम्स्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात अँड्र्यू टॅननबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली वितरित कार्यप्रणाली, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या अनेक संगणकांचा कारभार एकत्रितपणे पाहणारी व्यवस्था. प्रस्तुत परिच्छेदात आलेली ‘पारदर्शकता’ हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते : प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालतो आणि फाइल कोणत्या डिस्कवर आहे, याची वापरकर्त्याला दखलही घ्यावी लागू नये आणि सारा संच त्याला एकच संगणक वाटावा. त्यासाठी प्रोसेसर कोणा एकाच्या नावे न ठेवता सामाईक ताफ्यात ठेवले जात व आज्ञा मिळताच त्यांतील मोकळे प्रोसेसर तेवढ्या कामापुरते नेमून दिले जात; सामग्री वाटून वापरण्याचे उद्दिष्ट इतक्या सरळपणे क्वचितच अमलात आले असेल. फाइल उघडण्यासाठी ‘केपेबिलिटी’ नावाचा १२८ बिटांचा परवाना लागे, ज्यात वस्तूचा क्रमांक व धारकाचे अधिकार यांसोबत बनावट परवाना ओळखण्यासाठी तपासणी-अंकही असे. अमीबाच्या प्रकल्पावर काम करणारे गिडो व्हान रॉसम यांना तिच्यासाठी सुटसुटीत स्क्रिप्ट-भाषेची उणीव भासली, आणि त्यातूनच त्यांनी १९८९च्या अखेरीस पायथन भाषेच्या रचनेला आरंभ केला.