ज्युबिली हें नांव धारण करणारे गायक

पॅरिशच्या या आनंदाच्या वर्षांत 'ज्युबिली' हा शब्द आपणां सर्वांच्या तोंडीं झाला आहे. त्याचें मूळ जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांपडतें. सात वेळां सात वर्षें लोटल्यावर येणाऱ्या पन्नासाव्या वर्षीं मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा वाजवावा, दासांस मुक्त करावें आणि विकली गेलेली वतनाची जमीन मूळ धन्याकडे परत जावी, अशी इस्रायली लोकांस आज्ञा होती. पुढें इ. स. १३०० मध्यें पोप आठवे बोनिफेस यांनीं पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें व ज्युबिलीची चाल ख्रिस्तसभेंत रूढ झाली. हा इतिहास बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु अमेरिकेंतील कांहीं गरीब विद्यार्थ्यांनींहि हा शब्द आपलें नांव म्हणून घेतला, आणि तें घेण्याच्या थोडें आधीं त्यांनीं दुसऱ्या आपद्‌ग्रस्तांसाठीं आपली मिळकत देऊन टाकली, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं.

अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती इ. स. १८६५ च्या डिसेंबरांत. पुढल्याच महिन्यांत, ९ जानेवारी १८६६ रोजीं, टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठीं 'फिस्क' नांवाची शाळा उघडली. चालविणारे प्रॉटेस्टंट मिशनरी होते. इमारती म्हणजे युद्धकाळांतील लष्करी इस्पितळाच्या लांकडी बराकी. पुस्तकांपुरताहि पैसा नव्हता. तेव्हां गुलामांच्या जुन्या कोंडवाड्यांतील गंजलेल्या बेड्या गोळा करून त्या मोडींत विकल्या, आणि आलेल्या पैशांतून बायबलें व वाचनाचीं पहिलीं पुस्तकें विकत आणलीं. मोडीच्या व्यवहारांत याहून चांगला सौदा झाल्याचें निदान आमच्या वाचनांत नाहीं.

पांच वर्षांत बराकी मोडकळीस आल्या आणि कर्ज वाढलें. शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हेच मुलांस गाणें शिकवीत. मुलांस घेऊन उत्तरेकडील शहरांत जलसे करावे व शाळेसाठीं द्रव्य आणावें, असा त्यांनीं बेत केला. तो अनेकांस वेडगळ वाटला, व तसें वाटण्यास कारणहि होतें. ६ ऑक्टोबर १८७१ रोजीं नऊ विद्यार्थी निघाले, तेव्हां प्रवासखर्चासाठीं शाळेच्या खजिन्यांत होतें नव्हतें तें सारें बरोबर घ्यावें लागलें. थंडी तोंडावर आली असतां मुलांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते. बहुतेकांचा जन्म गुलामगिरींतला. पियानो वाजविणारी एला शेपर्ड हिला तर तिच्या बापानें ३५० डॉलर मोजून मालकाकडून सोडविलें होतें.

ते निघाल्यास दोन दिवस झाले नाहींत तोंच, रविवार ता. ८ च्या रात्रीं, शिकागो शहरास आग लागली. ती ता. १० पर्यंत धुमसत राहिली. सुमारें ३०० माणसें मेलीं, जवळ जवळ एक लाख लोक उघड्यावर आले. ज्या शहरांतून निम्म्या देशाला धान्य जाई, तेथील धान्याच्या कांहीं प्रचंड वखारीहि जळाल्या, आणि तेथल्याच लोकांवर भाकरीसाठीं रांगेंत उभें राहण्याची पाळी आली. चोहोंकडून आगगाड्यांनीं अन्न व कपडे येऊं लागले. ओहायो संस्थानांतील सिनसिनाटीच्या लोकांनीं तर शिकागोंत मोफत सूप वांटण्याची सोय केली.

फिस्कचे गायक त्या वेळीं त्याच ओहायो संस्थानांत होते. आरंभींच्याच एका जलशांत त्यांस मिळकत झाली ती ५० डॉलरांच्या आंतच. ती सर्व रक्कम त्यांनीं शिकागोच्या आपद्‌ग्रस्तांस देऊन टाकली.

आपल्या पॅरिशच्या खजिनदारांस विचारलें, तर ते कदाचित् मान हलवतील. शाळा कर्जांत, मुलें थंडींत कुडकुडणारीं, उतारशाळांत वर्णामुळें अनेकदां जागा नाकारलेली. अशा स्थितींत हातचा पैसा द्यावा काय? शाळेचा पैसा हा विश्वासानें सोंपविलेला ठेवा, तो दुसऱ्या कामीं लावणें बरें नव्हे, हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु आमच्या मतें व्हाइट यांनीं योग्यच केलें. मदत मागावयास निघालेल्या मुलांनीं प्रथम मदत दिली, म्हणून श्रोत्यांसमोर तीं याचक राहिलीं नाहींत. या देणगीनें त्यांचें नशीब उघडलें असें मात्र कोणीं समजूं नये. पुढले दिवस फार हालाचे गेले. कोलंबस शहरीं पोंचले तेव्हां सारे जण थकून हताश झाले होते. तेथेंच व्हाइट यांनीं त्यांस 'ज्युबिली सिंगर्स' हें नांव दिलें. लेवीय पुस्तकांतील दासमुक्तीचें वर्ष त्यांच्या मनांत होतें. ज्यांच्या आयांनीं विक्रीचे बाजार पाहिले होते, त्या मुलांस या शब्दाचा अर्थ कोणीं समजावून द्यावा लागला नसेल.

त्यापूर्वीं तीं बहुधा गोऱ्या लोकांच्या आवडीचीं गाणीं गात. आपल्या आईबापांचीं गुलामीच्या काळांतील भक्तिगीतें परक्यांपुढें म्हणणें त्यांस संकोचाचें वाटे. तीं गीतें दुःखाचीं होतीं आणि घरचीं होतीं. इ. स. १८७१ च्या नोव्हेंबरांत ओबर्लिन येथें धर्मोपदेशकांच्या सभेपुढें तीं म्हटलीं गेलीं, आणि वारें फिरलें. डिसेंबरांत ब्रुकलिन, पुढच्या वर्षीं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायन, इ. स. १८७३ मध्यें इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीपुढें. पहिल्याच दौऱ्यांतून शाळेस २०,००० डॉलर मिळाले. त्यांच्या मिळकतींतून उभी राहिलेली 'ज्युबिली हॉल' ही इमारत १ जानेवारी १८७६ रोजीं समर्पित झाली.

मूळ मंडळी इ. स. १८७८ मध्यें मोडली. तींतील फ्रेडरिक लाउडिन यांनीं पुढें स्वतंत्र मेळा काढला, व तो हिंदुस्थानांतहि येऊन ताजमहालांत गाऊन गेला. फिस्क ही शाळा पुढें विद्यापीठ झाली. तेथें दरवर्षीं ६ ऑक्टोबर हा ज्युबिली दिन म्हणून पाळतात, आणि त्या दिवशीं हल्लींचे गायक नॅशव्हिलमधील पहिल्या गायकांच्या थडग्यांपाशीं जाऊन गातात.