फुलाचा रंग काढला तर उरतं काय?

मी अमळनेरहून बोलतोय. आज जरा वेगळा इतिहास: ब्लॅक अँड व्हाइट फुलांचा.

आपल्याला वाटतं, जुन्या कॅमेऱ्यात फक्त रंग नव्हता, बाकी सगळं जसंच्या तसं. पण तसं नव्हतं. सुरुवातीच्या फोटोच्या काचांना मुख्यतः निळा प्रकाशच कळायचा. म्हणजे निळी गोकर्ण फिकट यायची आणि पिवळाधमक झेंडू काळपट! १८७३ साली जर्मनीत हर्मान फोगेल यांनी काचेच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली, तेव्हा हिरवा-पिवळा प्रकाशही तिला कळू लागला. लाल मात्र आणखी बरीच वर्षं अंधारातच राहिला. जास्वंदीचा फोटो काढा, फूल जवळजवळ काळं.

आता १९१२. दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. सिनेमा काढायचा, पण पैसे देणार कोण? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा हलू न देता, कितीतरी दिवस थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी फुटलं, अंकूर वर आला, रोप डोलू लागलं. रंग नाही, आवाज नाही, तरी बघणारे थक्क झाले आणि कर्ज मिळालं. तरीही पैसे अपुरे पडले, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

रंग पकडता येत नव्हता, म्हणून दादासाहेबांचं काही अडलं नाही. त्यांनी काळ पकडला.

आणि एक गंमत. तेव्हाची फिल्म सेल्युलॉइडची असायची आणि ते बनायचं कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून. म्हणजे पहिले सिनेमे एका अर्थानं कापसावरच उमटले! आपल्या खान्देशी माणसाला हे ठाऊक हवंच ना?

मग पोळ्याच्या सुमारास बोरीकाठच्या एखाद्या कपाशीच्या शेतात जा. मालकाला विचारून, बरं का. आज उमललेलं फूल पिवळसर पांढरं असतं, उद्या तेच गुलाबी होतं. मोबाइल एकाच जागी ठेवा, वेळही तीच ठेवा आणि दोन दिवस मोनोमध्ये फोटो काढा. गुलाबी दिसणार नाही, पण पाकळी किती गडद झाली, किती मिटली, ते दिसेल. लाल जास्वंद आणि हिरवं पान एकाच करड्या रंगात मिसळलं, तर एडिटिंगमध्ये लाल कमी-जास्त करून पाहा.

जमलं तर घरच्यांना दाखवा आणि विचारा, यातलं आजचं फूल कोणतं, कालचं कोणतं?