मोटारहोमचे छत : निगा आणि स्वच्छता

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. या घराचे छत ऊन, पाऊस आणि बर्फ यांच्या जोडीला प्रवासातील हादरेही सोसत असते. त्यामुळे भिंती वा इंजिन धडधाकट असूनही केवळ छताकडे दुर्लक्ष झाल्याने वाहन निकामी होऊ शकते. अमेरिकेत, विशेषतः इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात, अशी वाहने मोठ्या प्रमाणावर तयार होतात. तेथील अनेक उत्पादक दर तीन महिन्यांनी छताची पाहणी करण्याचा सल्ला देतात.

छताचे प्रकार
अनेक मोटारहोममध्ये पातळ प्लायवूडवर 'ईपीडीएम' या कृत्रिम रबराचे किंवा 'टीपीओ' या प्लास्टिकवर्गीय पदार्थाचे आवरण चिकटवलेले असते. काही वाहनांना फायबरग्लास वा ॲल्युमिनियमचे छत असते. आपले छत कोणत्या प्रकारचे आहे, हे माहितीपुस्तिकेतून आधी जाणून घ्यावे. स्वच्छतेची साधने त्यावरच ठरतात. ईपीडीएमला पेट्रोलियमयुक्त द्रावणे वर्ज्य आहेत. त्यांनी रबर फुगते आणि प्लायवूडपासून सुटू लागते.

पाणी कोठून शिरते?
गळती सहसा आवरणाच्या मधोमध नव्हे, तर सांध्यांतून सुरू होते. वायुवीजनाची झरोके, वातानुकूलन यंत्र, ॲन्टेना, शिडीचे स्क्रू आणि कडेच्या पट्ट्या ही तिची नेहमीची ठिकाणे. आत शिरलेले पाणी सरळ खाली न पडता सांगाड्याच्या आधाराने दूरवर वाहत जाते. म्हणूनच आतील डाग आणि प्रत्यक्ष भेग यांची जागा एक नसते. डाग दिसेपर्यंत प्लायवूड कुजू लागलेले असण्याची शक्यता असते. पायाखाली मऊ लागणारा भाग, आवरणावरील फुगवटे आणि कपाटांतील कुबट वास ही पूर्वसूचना समजावी.

धुण्याची पद्धत
सकाळी वा ढगाळ हवेत काम करावे. प्रथम पाने व कचरा झाडून घ्यावा. बाजूच्या भिंती आधीच ओल्या कराव्यात, म्हणजे मळाचे ओघळ त्यांवर वाळत नाहीत. सौम्य साबण आणि मऊ ब्रश यांनी थोडा-थोडा भाग घासून भरपूर पाण्याने धुवावा. शिडी मागे असल्यास पुढून मागे यावे, म्हणजे निसरड्या भागावरून परतावे लागत नाही. जोरदार फवाऱ्याचे यंत्र सांध्यांवर रोखू नये. जुन्या ईपीडीएमवरून पांढरी भुकटी निघणे ही नैसर्गिक झीज असते.

सांध्यांची दुरुस्ती
भेगाळलेले वा सुटलेले सीलंट काढून जागा स्वच्छ व कोरडी करावी. सपाट भागावर आपोआप समतल होणारे, तर उभ्या भागावर न ओघळणारे सीलंट वापरावे. ते छताच्या प्रकाराला मानवणारे असावे. घरगुती सिलिकॉन टाळावे; त्यावर पुढे दुसरे सीलंट नीट चिकटत नाही.

सुरक्षितता
प्रत्येक छत माणसाचे वजन पेलण्यासाठी बांधलेले नसते. पुस्तिकेत तशी परवानगी नसल्यास शिडीवरूनच काम करावे. ओल्या रबरावरून पाय सहज घसरतो, म्हणून एकट्याने वर चढू नये.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. आपल्याकडे अशा वाहनांच्या छताची पाहणी मृगापूर्वी आणि पावसाळा सरल्यावर, अशी किमान दोनदा तरी व्हावी.