रोगजंतूंची ओळख आणि गरिबाचा रोज

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हाँगकाँगमध्ये येर्सिनने त्याचा जंतू शोधून अवघी दोन वर्षे झाली होती. हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पण ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि आगगाडीच्या उतारूंची जी तपासणी सुरू झाली तिची एक कसोटी ही, की काखेत वा जांघेत गाठ लागते काय! गिरणी सोडून गावी पळणारा कामगार आधी संशयित ठरे. तो रोगी की निरोगी, हे मागाहून.

यावरून आम्ही एक धडा घेतला आहे. जंतू ओळखण्याचे साधन नसले, की संशय माणसावर येतो, आणि पहिल्याने गरिबावर येतो.

रक्त वा लघवीतील जंतू वाढवून पाहण्यास एकदोन दिवस लागतात. क्षयाच्या जंतूस तर आठवडे. कर्जत-खालापूरकडील एखाद्या ठाकुरवाडीतला माणूस डोंगर उतरून दवाखान्यात आला, की एक रोज बुडाला. निकालासाठी पुन्हा आला, की दुसरा. मध्येच कुटुंब मजुरीस परगावी गेले, तर कागद एकीकडे आणि रोगी भलतीकडे!

१९६२ साली अमेरिकेत क्लार्क व लायन्स यांनी इलेक्ट्रोडला एन्झाइम जोडण्याची कल्पना मांडली. रक्तातील साखर मोजणारे घरगुती यंत्र त्याच वंशातले. जंतूंसाठी इलेक्ट्रोडवर विशिष्ट जंतूलाच धरणारे प्रतिपिंड बसवितात. जंतू अडकला, की विजेच्या प्रवाहात पडणारा फरक मोजतात. मात्र साखर रक्तात मुबलक असते, जंतू मोजके. शिवाय रक्तातील प्रथिने इलेक्ट्रोडला चिकटून खोटी खूण देतात. म्हणून प्रयोगशाळेत साधलेले पुष्कळ, दवाखान्यात पोचलेले थोडे.

तरी वाट बंद नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि क्षयाच्या जंतूचा डीएनए सुमारे तासाभरात ओळखते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्यास मान्यता दिली. ते प्रवाह मोजीत नाही, प्रकाश मोजते. पण रोगी बसला असतानाच निकाल, हे तत्त्व तेच.

श्रोतेहो, कामाचे तास घड्याळाने मोजावेत, यासाठी कामगार झगडला. निकालाचे तासही मोजले गेले पाहिजेत. ज्या दिवशी वाडीवरचा माणूस एकाच फेरीत निदान आणि औषध घेऊन दिवस मावळण्यापूर्वी घरी पोचेल, त्या दिवशी स्थानकावरची ती जुनी झडती खऱ्या अर्थाने संपली, असे आम्ही समजू.